अडॅप्टर उलटा करून बघा

टेबलावर कॉम्प्युटरशेजारी ठेवायला छोटा अँप्लिफायर शोधायला लागलं की नजर आधी वॉटच्या आकड्यावर जाते. तळहाताएवढी डबी आणि तिच्यावर ठसठशीत ‘१०० + १०० वॉट’. त्या डबीसोबत आलेला अडॅप्टर जरा उलटा करा. बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, १२ व्होल्ट, २ अँपिअर. गुणाकार केला की २४ वॉट. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

गणित आणखी खाली घसरतं. १२ व्होल्टवर चालणारा नेहमीचा क्लास-डी (वीज झपाट्याने चालू-बंद करत आवाज मोठा करणारा) अँप्लिफायर ८ ओहमच्या एका स्पीकरला आवाज न फाटता फार तर ९ वॉट देतो. (बाकी हे तंत्र झकासच. ९० टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोचते, म्हणून तर एवढीशी डबी फारशी तापत नाही.)

गंमत म्हणजे ९ वॉटसुद्धा भरपूर झाले. स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘सेन्सिटिव्हिटी ८५ डेसिबल’ असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे १ वॉट दिला तर १ मीटरवर एवढा आवाज. टेबलाशी आपण ६० सेंटिमीटरवर बसतो, तिथे तोच साधारण ८९ होतो. कारखान्यात आठ तासांसाठी अनेक देशांत ८५ डेसिबल ही मर्यादा धरतात, आणि इथे आपण एका वॉटमध्येच तिच्यापुढे गेलो! वर वॉट दुप्पट केले तरी वाढतात जेमतेम ३ डेसिबल. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात.

म्हणून पैसे स्पीकरवर घालावेत. हात आखडता असेल तर अँप्लिफायर आतच बसवलेले स्पीकर घ्यावेत, जोडी जुळवायची कटकट नाही. फक्त ३ इंची वूफरकडून, म्हणजे खर्ज काढणाऱ्या पडद्याकडून, ढोलाची अपेक्षा नको. तेवढ्याच जोराचा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर चौपट हवा ढकलावी लागते, ती या चिमुकल्या पडद्याने आणायची कुठून?

टेबलाचा खरा शत्रू मात्र टेबलच. माझ्या नव्या स्पीकरवर बातम्या वाचणारी बाई डब्यात तोंड घालून बोलतेय असं वाटायचं. मोजपट्टी घेतली. ट्वीटर (स्पीकरमधला बारीक आवाज काढणारा छोटा पडदा) टेबलापासून १५ सेंटिमीटर उंच, कान ४० वर, मधलं अंतर ६०. सरळ येणारा आवाज ६५ सेंटिमीटर चालतो, टेबलावर आपटून येणारा ८१. हा १६ सेंटिमीटरचा फरक म्हणजे १००० हर्ट्झच्या आसपासच्या लहरीची बरोबर अर्धी लांबी. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडतो आणि माणसाच्या बोलण्यातला नेमका मोक्याचा भाग पुसट होतो.

दोन्ही स्पीकर टेबलावरून उचलले, मागे भिंतीलगतच्या फळीवर कानाच्या उंचीला ठेवले आणि मध्ये आवाज आपटायला टेबल येऊ नये म्हणून ते पुढे ओढून घेतलं. बाई डब्यातून बाहेर आल्या. फळी भिंतीला चिकटून असल्यामुळे खर्ज थोडा घुमायला लागला, तो बासचं बटण दोन खुणा मागे फिरवून आवरला.