फिरणारा पडदा आणि मोबाइल ॲपची मांडणी

२००७ साली आयफोन आला तेव्हा त्याचा पडदा एकाच मापाचा होता: ३२० गुणिले ४८० पिक्सेल. कोणते बटण कुठे बसणार, हे सरळ आकड्यांत लिहून मोकळे होता येई. २०१० मध्ये आयफोन ४ ने पिक्सेल दोन्ही दिशांना दुप्पट केले, पण मोजणी 'पॉइंट'मध्ये, म्हणजे पिक्सेल किती दाट आहेत यावर न अवलंबणाऱ्या एककात, असल्यामुळे जुना हिशोब टिकला. तो मोडला २०१२ मध्ये. आयफोन ५ चा पडदा उंच झाला आणि जुनी ॲप्स काळ्या पट्ट्यांच्या मध्ये आखडून बसली.

अँड्रॉइडवर मात्र एक ठरलेले माप धरून चालण्याची सोय फार काळ नव्हती, कारण फोन बनवणारे अनेक होते. त्यामुळे मांडणी कोडपासून वेगळ्या एक्सएमएल फाइलमध्ये (खुणा घालून लिहिलेला मजकूर), मोजमाप डीपीमध्ये (पॉइंटसारखेच एकक) आणि आडव्या पडद्यासाठी हवी तर स्वतंत्र फाइल, अशी व्यवस्था झाली. आकडे देऊन जागा ठरवणारा ॲब्सोल्यूट लेआउट २००९ मध्येच बाद ठरवला गेला.

तरी खरा त्रास फोन फिरवताना होई. अँड्रॉइड चालू ॲक्टिव्हिटी, म्हणजे ॲपचा समोर दिसणारा पडदा, मोडून नव्याने उभी करते. जपून न ठेवलेली माहिती त्यात जाते. अनेकांनी यावर उपाय म्हणून ॲप उभ्या स्थितीतच बांधून टाकले. माझ्या मते ही पळवाट होती. मूळ दुखणे हे की माहिती पडद्याच्याच गळ्यात बांधलेली होती. ती वेगळी सांभाळणारा व्ह्यूमॉडेल गूगलने २०१७ मध्ये दिला.

दरम्यान आकड्यांची जागा नात्यांनी घेतली: हे बटण त्या चौकटीच्या खाली, रुंदी शेजारच्याएवढी. अशी समीकरणे सोडवणारा कॅसोवरी अल्गोरिदम १९९० च्या दशकातला, वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधनातून आलेला. एखादी अट बदलली तर सगळे गणित पहिल्यापासून करावे लागत नाही, हे त्याचे मोठेपण. ॲपलने ऑटो लेआउट या मांडणीच्या यंत्रणेत तो आधी मॅकवर आणि २०१२ मध्ये आयफोनवर वापरला. अँड्रॉइडचा कन्स्ट्रेंट लेआउट २०१६ मध्ये जाहीर झाला. त्याच्याही मुळाशी हीच पद्धत आहे.

पण ॲप चालू असताना एखादा भाग दाखवायचा, लपवायचा किंवा नवा जोडायचा, तर प्रत्येक बदल हातानेच लिहावा लागे. एक ओळ विसरली की माहिती एक सांगे आणि पडदा दुसरेच. २०१३ मध्ये वेबवर आलेल्या रिॲक्ट या पडदे बांधण्याच्या साधनाने हा क्रम उलटवला: स्थिती, म्हणजे ॲपकडची माहिती, बदला, पडदा तिच्यावरून पुन्हा ठरेल. रिॲक्ट नेटिव्ह (२०१५), फ्लटर, स्विफ्टयूआय (२०१९) आणि जेटपॅक कंपोज (२०२१) ही ॲप बांधण्याची साधने याच वाटेने गेली. इतक्या वर्षांतला सर्वांत मोलाचा बदल मी यालाच मानतो, कारण मांडणी बदलणे हे त्यामुळे वेगळे काम राहिलेच नाही.

आता घडीचे फोन आणि विभागलेल्या खिडक्यांमुळे ॲप उघडे असतानाच रुंदी बदलते. २०२५ च्या अँड्रॉइड १६ साठी बांधलेल्या ॲपने उभ्या स्थितीचा आग्रह धरला, तरी ६०० डीपी किंवा त्याहून मोठ्या पडद्यावर, खेळांसारखे अपवाद सोडता, तो मानला जात नाही.