कूलरच्या ताटीतून घरात येणारा धूर

मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की नागपुरातल्या अनेक घरांत सिगारेटवरून एक ठरावीक वाद रंगतो. “मी तर गॅलरीत जाऊन ओढतो, शिवाय कूलर सुरू आहे, त्याच्या ओल्या ताटीत धूर अडकतो,” असे ओढणारा मनापासून सांगतो. हे खरे नाही. खिडकीतला कूलर बाहेरचीच हवा वाळ्यासारख्या धाग्यांच्या ओल्या ताट्यांमधून ओढून खोलीत ढकलतो. त्याच्याजवळ सोडलेला धूर त्याच वाटेने आत येतो.

त्यातही घरच्यांच्या वाट्याला येतो तो प्रामुख्याने जळत्या टोकाचा धूर. झुरका घेताना टोकाचे तापमान सुमारे ९०० अंश सेल्सिअस असते, तर नुसती धुमसताना ते सुमारे ६०० अंशांवर उतरते आणि ज्वलन अधिक अपुरे राहते. म्हणून या धुरात कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया आणि कर्करोगकारक नायट्रोसमाइन्स ओढणाऱ्याने आत घेतलेल्या धुरापेक्षा जास्त तयार होतात, आणि तो कोणत्याही फिल्टरमधून जात नाही.

मग ओली ताटी त्याला का अडवत नाही? धुळीचा जाड कण धाग्याजवळ वळणाऱ्या हवेबरोबर वळू शकत नाही. तो सरळ जाऊन धाग्यावर आदळतो आणि पाण्यात अडकतो. उलट, काही नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी इतका वेडावाकडा भरकटतो की कुठेतरी धाग्याला लागतोच. तंबाखूच्या धुराचे बहुतेक कण ०.१ ते १ मायक्रॉनचे, म्हणजे नेमके या दोहोंच्या मधले असतात. प्रवाह सोडण्याइतके ते जड नसतात आणि पुरेसे भरकटण्याइतके हलकेही नसतात, त्यामुळे ते धाग्याला वळसा घालून हवेबरोबर निघून जातात. उत्तम फिल्टरांची परीक्षाही याच कारणाने ०.३ मायक्रॉनच्या कणांवर घेतली जाते. अमोनिया पाण्यात विरघळतो, कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ विरघळतच नाही. वाळ्याचा सुगंध आला म्हणून हवा स्वच्छ झाली, असे म्हणता येत नाही.

धूप किंवा कापूर जाळून हवा शुद्ध होते, हा समजही सोडून द्यायला हवा, कारण जळताना तेही असेच आणखी बारीक कण हवेत सोडतात.

१९८१ साली जपानी रोगप्रसारतज्ज्ञ ताकेशी हिरायामा यांनी जपानमधील धूम्रपान न करणाऱ्या विवाहित स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पती जितका अधिक ओढणारा, तितका पत्नीला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अधिक, असे त्यात दिसले. अमेरिकेचे प्रमुख सार्वजनिक आरोग्य अधिकारी, म्हणजे सर्जन जनरल, यांच्या २००६ च्या अहवालानुसार अशा धुरामुळे धूम्रपान न करणाऱ्यांचा हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो.

“घरी कोणी नसताना ओढतो,” हा तोडगाही अपुरा आहे. पडद्यांवर आणि भिंतींवर बसलेले निकोटीन हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावून नायट्रोसमाइन्स तयार करते, हे २०१० मध्ये प्रयोगाने दाखवले गेले. आणि हे आम्ल घरातल्या गॅसच्या शेगडीतूनही निर्माण होते.