इंग्लिश विलो की काश्मीर विलो: बॅटचा दर्जा नेमका कुठे ठरतो?

खेळाच्या सामानाच्या दुकानात लेदर बॉलची बॅट मागितली, की विक्रेता आधी ‘इंग्लिश की काश्मीर?’ असे विचारतो, आणि दोन्हींच्या किमती ऐकल्या की हे एकाच वस्तूचे दोन प्रकार आहेत यावर विश्वास बसत नाही. ‘इंग्लिश’ म्हणजे इंग्लंडमध्ये बनलेली बॅट, असा समज पुष्कळांचा असतो. प्रत्यक्षात हा शब्द फक्त लाकडाचे मूळ सांगतो. इंग्लंडमध्ये वाढलेले लाकूड चिरून भारतात येते आणि मेरठच्या किंवा जालंधरच्या कारागिराच्या रंध्याखाली त्याची बॅट होते. फाळणीपूर्वी क्रीडासाहित्याचा हा धंदा मुख्यतः सियालकोटमध्ये एकवटला होता. १९४७ नंतर तिथले अनेक हिंदू आणि शीख कारखानदार जालंधर आणि मेरठ इथे येऊन स्थिरावले, तर सियालकोटमध्येही तो चालूच राहिला. त्यामुळे आज एकाच जातीचे इंग्लिश लाकूड घेऊन इंग्लंड, भारत आणि पाकिस्तान अशा तीन देशांतले कारागीर बॅटी घडवतात, आणि ‘बॅट कुठली?’ या प्रश्नाची एका बॅटसाठीसुद्धा दोन-तीन उत्तरे निघतात. झाड कुठे वाढले, लाकूड कुठे वाळले आणि बॅट कुठे घडली, हे तिन्ही वेगळे पाहिल्याशिवाय दर्जातल्या फरकाचा उलगडा होत नाही. माझ्या मते यांपैकी मधल्या टप्प्याकडे आपले सर्वांत कमी लक्ष जाते.

सुरुवात झाडापासून करू. बॅटसाठी वापरले जाणारे इंग्लिश विलो हे पांढऱ्या विलोचे एक विशिष्ट वाण आहे; वनस्पतिशास्त्रात त्याला सॅलिक्स आल्बा, वाण सेरुलिया, असे म्हणतात. (याच सॅलिक्स कुळातला वाळुंज हा वृक्ष आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांच्या काठी वाढतो, पण त्याच्या बॅटी होत नाहीत.) आग्नेय इंग्लंडमधील एसेक्स, सफोक आदी परगण्यांत ओढ्यांच्या आणि नद्यांच्या काठी त्याची लागवड केली जाते. लागवडीची रीत मोठी साधी आहे: सुमारे तीन मीटर लांबीच्या, मुळे नसलेल्या सरळ छड्या हिवाळ्यात ओलसर जमिनीत रोवतात आणि त्यांना आपोआप मुळे फुटतात. खरी मेहनत पुढे असते. खोडाच्या खालच्या भागावर फुटणारे कोंब दर वर्षी कोवळे असतानाच हाताने खुडावे लागतात, कारण खुडायचा राहिलेला एक कोंब फांदी होतो, फांदीची गाठ होते आणि ती गाठ पंधरा वर्षांनी बॅटच्या नेमक्या मध्यावर येऊ शकते. एसेक्समधील ग्रेट लीज या गावी १८९४ पासून हा व्यवसाय करणारी जे. एस. राइट अँड सन्स ही कंपनी जगभरच्या बॅटनिर्मात्यांना असे लाकूड पुरवते.

साधारण १५ ते २० वर्षांत झाडाचा घेर १४० सेंटिमीटरच्या आसपास गेला, की ते तोडतात. खोडाचे ओंडके करून ते मध्यापासून सालीकडे फोडले जातात आणि त्यातून निघणाऱ्या पाचरीसारख्या तुकड्याला धंद्यात ‘क्लेफ्ट’ म्हणतात. बॅटचा दर्शनी भाग या तुकड्याच्या अशा बाजूवर येतो, की झाडाची वार्षिक वलये त्यावर उभ्या समांतर रेघांसारखी दिसतात. खेळाडू ज्यांना ‘ग्रेन्स’ म्हणतात त्या याच. कोणतीही नवी बॅट हातात घेऊन निरखली, तर पुष्कळदा एका कडेला तांबूस पट्टा आढळतो. ती बाजू झाडाच्या गाभ्याकडची असते आणि समोरची पांढरी कड सालीकडची. म्हणजे बॅटच्या रुंदीवर झाडाची वर्षे मोजता येतात. नियमानुसार बॅटची कमाल रुंदी १०.८ सेंटिमीटर असते. तेवढ्या जागेत आठ रेघा असतील, तर ते झाड दर वर्षी त्रिज्येने सुमारे साडेतेरा मिलिमीटर वाढले, आणि बारा असतील, तर नऊ मिलिमीटर. सहा रेघांची बॅट म्हणजे झपाट्याने वाढलेले झाड. जास्त रेघांची बॅट लवकर ‘खुलते’, म्हणजे पूर्ण ताकदीने खेळू लागते, आणि कमी रेघांची जास्त टिकते, असे जाणकार खेळाडू सांगतात; मात्र एवढ्यावरून बॅट पारखणे मला पटत नाही, कारण त्याच रेघांच्या दोन बॅटी वजनाला आणि मारायला अगदी वेगळ्या लागू शकतात.

आता काश्मीर. तिथेही हेच कुळ आहे आणि पांढऱ्या विलोची झाडेही आहेत. ब्रिटिश काळात, विशेषतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, सरपणासाठी खोऱ्यात विलोच्या लागवडीला चालना मिळाली आणि बॅटींचा उद्योग त्यानंतर उभा राहिला. आज अनंतनाग जिल्ह्यात संगम, हलमुल्ला, बिजबेहारा या भागांतून जाताना श्रीनगर-जम्मू महामार्गाच्या दोन्ही अंगांना क्लेफ्ट्सच्या मनोऱ्यांसारख्या चळती उन्हावाऱ्यात वाळत पडलेल्या दिसतात. झाडांचे कुळ एक असताना लाकडात फरक पडतो तो कशाने? पाऊस हे सहज सुचणारे उत्तर चुकीचे आहे, कारण एसेक्स हा इंग्लंडमधल्या सर्वांत कोरड्या भागांपैकी एक आहे. फरक हवामानाच्या समतोलात आहे. समुद्राच्या सान्निध्यामुळे एसेक्समध्ये थंडी फार कडक नसते आणि उन्हाळाही सौम्य असतो, मुळांशी पाणी सतत वाहते राहते, त्यामुळे झाड लांबलचक हंगामभर एका चालीने वाढते. काश्मीर खोरे समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर, चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेले आहे. जानेवारीत रात्रीचे तापमान शून्याखाली जाते आणि जुलैत दिवसा ते तिशीपर्यंत चढते. त्याशिवाय सरपण, चारा आणि फळांच्या पेट्या अशा अनेक गरजांसाठी लावलेली झाडे पुष्कळदा दाटीने वाढतात आणि त्यांचे कोंब खुडण्याची शिस्त सगळीकडे सारखी पाळली जात नाही. परिणामी काश्मीरचे लाकूड सरासरीने अधिक जड, कठीण आणि तपकिरी छटेचे निघते; रेघाही तितक्या स्पष्ट दिसत नाहीत.

जडपणाला इतके महत्त्व का, हे एका साध्या हिशेबाने समजते. फलंदाज वजन ठरवून बॅट घेतो. समजा, त्याला १,२०० ग्रॅमचीच बॅट हवी आहे. एक लाकूड दुसऱ्यापेक्षा दहा टक्के अधिक घन असेल, तर त्याच वजनात त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्के कमी मिळते. लांबी-रुंदी तीच ठेवायची असल्याने ही कपात जाडीतून करावी लागते, आणि जिथे हलक्या लाकडाची कड ३८ मिलिमीटर राहिली असती, तिथे ती ३५ मिलिमीटरच्या आसपास येते. जाड कडा आणि फुगीर पाठ असलेली बॅट मधोमध न बसलेल्या फटक्यातही हातात कमी वळते, म्हणूनच चेंडू दूर जातो. २०१७ मध्ये क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीने कडेची जाडी ४ सेंटिमीटर आणि एकूण खोली ६.७ सेंटिमीटर अशी मर्यादा घातली, ती याच वाढत चाललेल्या जाडीला आळा घालण्यासाठी. पाते लाकडाचेच हवे, अशी अट नियमात आहे. विलोचे हवे, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. १९७९ मध्ये पर्थच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीने ॲल्युमिनियमची बॅट आणल्यानंतर लाकडाची अट स्पष्टपणे घातली गेली.

झाड चांगले असले, तरी क्लेफ्ट म्हणजे बॅट नव्हे. तोडलेल्या विलोत पाणी भरपूर असते, आणि ते सावकाश काढले नाही तर लाकूड चिरते. म्हणून क्लेफ्टची टोके मेणात बुडवतात आणि मग काही काळ हवेत व नंतर भट्टीत वाळवून ओलावा दहा-बारा टक्क्यांवर आणतात. त्यानंतर रोलरखाली दाबण्याचा टप्पा येतो, आणि बॅटचा जीव या टप्प्यात आहे, असे मला वाटते. विलोच्या लाकडात पोकळ पेशींचे जाळे असते. दर चौरस इंचाला २,००० पौंडांपर्यंत दाब दिला, की वरच्या थरातल्या पेशी चेपून एक कणखर त्वचा तयार होते आणि आतले लाकूड मऊ, लवचीक राहते. चेंडू बॅटला साधारण एक सहस्रांश सेकंद चिकटलेला असतो. तेवढ्यात त्या त्वचेने धक्का पसरवायचा असतो आणि आतल्या लाकडाने दबून उसळायचे असते. दाब कमी पडला, तर पात्याला खळगे पडतात; जास्त झाला, तर आवाज खणखणीत येऊनही चेंडू मरगळल्यासारखा जातो. योग्य दाब प्रत्येक क्लेफ्टला वेगळा लागतो आणि तो अजूनही कारागिराच्या हाताला कळतो.

काश्मीरच्या बॅटीला जो कमीपणा आला, त्याचा बराचसा भाग वाळवण्याच्या आणि दाबण्याच्या याच टप्प्यांत आहे. घाईने वाळवलेले लाकूड आणि गठ्ठ्याने, एकाच मापाने दिलेला दाब यांमुळे चांगल्या क्लेफ्टचेही मातेरे होते. उलट निवडक लाकूड नीट मुरवून काळजीने घडवले, तर तेही वरच्या पातळीवर खेळते: २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात ओमानच्या खेळाडूंनी अनंतनाग जिल्ह्यात बनलेल्या काश्मीर विलोच्या बॅटी वापरल्या. फरक नाही, असे मी म्हणत नाही. सरासरी इंग्लिश क्लेफ्ट सरासरी काश्मिरी क्लेफ्टपेक्षा हलके आणि उसळते असते. पण चेंडूवरच्या आघातात वाया जाणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा चेंडूच्या स्वतःच्या चेपण्यात जातो, त्यामुळे लाकडामुळे पडणारा फरक किमतीतल्या फरकाइतका अवाढव्य असूच शकत नाही.

हीच गोष्ट ‘ग्रेड वन’, ‘ग्रेड टू’ या शिक्क्यांची. ही प्रतवारी डोळ्यांनी होते: रेघा सरळ आहेत का, डाग किंवा गाठ आहे का, पांढरेपणा किती आहे. चेंडू किती उसळतो, याचे मोजमाप त्यात नसते. फुलपाखरासारखे डाग असलेली स्वस्त बॅट खेळायला उत्तम निघते, असा अनुभव अनेक क्लब खेळाडूंना येतो. त्यातून प्रतवारी निर्माता स्वतःच करतो, त्यामुळे एकाचा ‘वन’ दुसऱ्याचा ‘टू’ असू शकतो.

महाराष्ट्रातल्या खेळाडूला आणखी एक ठिकाण विचारात घ्यावे लागते, ते म्हणजे बॅट जिथे राहते ती जागा. लाकूड हवेतल्या दमटपणाशी सतत जुळवून घेत असते. मुंबई किंवा रत्नागिरीच्या पावसाळ्यात बारा टक्क्यांवरचा ओलावा हळूहळू सोळा-सतराकडे सरकू शकतो, आणि पात्यात सुमारे आठशे ग्रॅम कोरडे लाकूड धरले, तर वजन तीस-चाळीस ग्रॅमने वाढते. तीच बॅट मे महिन्यात नागपूरला ठेवली, तर ओलावा उतरून ती हलकी आणि ठिसूळ होते, आणि तिच्या खालच्या टोकाला चिरा पडू लागतात. जवसाचे तेल हा बदल थांबवत नाही, फक्त मंद करते. म्हणून पावसाळ्यात तेलाचा हात जास्त देणे उपयोगाचे नाही. बॅट कोरड्या, हवेशीर जागी उभी ठेवावी आणि तेल कोरड्या महिन्यांत, अगदी पातळ लावावे.