ओढ वेगळी, आनंद वेगळा

नवा फोन मागवला की तो हातात पडेपर्यंत जीव त्यात अडकलेला असतो. आला की चार दिवस कौतुक, मग तो इतर वस्तूंसारखाच होऊन जातो. यात स्वभावाचा दोष कमी आणि मेंदूच्या घडणीचा वाटा मोठा आहे.

मेंदूत तयार होणाऱ्या डोपामिनला सर्रास ‘आनंदाचं रसायन’ म्हटलं जातं. केंट बेरिज या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या प्रयोगांनी ही समजूत मोडीत काढली. जिभेला गोड लागलं की उंदीर ओठ चाटतो. तान्हं बाळही तेच करतं. ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलं होतं, ते समोरच्या अन्नाकडे ढुंकूनही पाहीनात. भरवलं नसतं तर उपाशी मेले असते. पण तोंडात साखरेचं पाणी सोडताच ते पूर्वीसारखेच ओठ चाटू लागले! गोडी शाबूत होती, गेली होती ती ओढ. मेंदूत ओढीची यंत्रणा विस्तीर्ण आणि दणकट आहे, आनंदाची केंद्रं मात्र इवलीशी. म्हणूनच जी वस्तू मिळून फारसं सुख देत नाही, तिच्यामागेही आपण धावत राहतो. मला हा शोध फार दिलासा देणारा वाटतो.

वुल्फ्राम शुल्त्स या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूत आणखी एक गोष्ट टिपली. अचानक फळांचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात चेतत. ठरावीक खुणेनंतर तो मिळतो हे अंगवळणी पडलं की त्या पेशी खुणेलाच चेतत; खुद्द रस येई तेव्हा ढिम्म.

अर्थात, ज्याच्या पोटाचीच चिंता मिटलेली नाही त्याला साधेपणाचे धडे देणं क्रूरपणाचं आहे. तिथे पैशाने सुख वाढतं, आणि ते खरंच वाढतं. प्रश्न आहे तो पुरेसं असूनही न थांबणाऱ्या धावेचा.

त्या धावेवर उतारा म्हणून सर्वसंगपरित्याग करावा लागत नाही. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्याने 2013 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सर्वांना आधी चॉकलेट खायला दिलं. मग काहींना आठवडाभर चॉकलेट बंद, तर काहींना भरपूर देऊन हवं तितकं खायची मुभा. आठवड्याने सगळ्यांना पुन्हा चॉकलेट दिलं, तेव्हा ज्यांनी ते वर्ज्य केलं होतं त्यांनी भरपूर खाणाऱ्यांपेक्षा ते अधिक चवीने खाल्लं.