रशियन गायकवृंदातला खर्ज

रशियन संगीतकार सर्गेई रखमानिनोव्हने १९१५ साली चर्चच्या रात्रभराच्या उपासनेसाठी बांधलेली रचना गायकवृंदाचा संचालक निकोलाय दानिलिनला पियानोवर ऐकवली. पाचव्या भागाच्या शेवटी खालचे आवाज पायरीपायरीने उतरत सेकंदाला अवघ्या ५८ कंपनांपर्यंत जातात. दानिलिनने मान हलवली. असे गायक आणायचे कुठून? ते तर नाताळातल्या अ‍ॅस्परॅगसइतके दुर्मीळ! पण रखमानिनोव्ह आपल्या लोकांचे आवाज ओळखून होता. गायक मिळाले.

या गायकांना ऑक्टाविस्ट म्हणतात. साधारण बास (पुरुषांतला सर्वांत खालचा आवाज) गायकाचा तळ सेकंदाला ८० कंपनांच्या आसपास असतो; हे त्याच्याही खाली, बासचाच सूर एक सप्तक उतरवून गातात. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये वाद्यं वर्ज्य असल्याने ऑर्गनचा आधार नाही. तो पाया माणसाच्या गळ्यालाच घालावा लागतो.

यासाठी स्वरतंतू लांब, जाड आणि सैल हवेत. जोर लावून इथे काहीच साधत नाही. फुप्फुसांतल्या हवेचा दाब वाढला की तंतू ताणले जातात आणि सूर वर सरकतो. म्हणून ऑक्टाविस्ट हळूच गातो.

मग एवढ्या गायकांत तो ऐकू कसा येतो? इतक्या खालच्या कंपनांना आपला कान मंद असतो आणि घसा-तोंडाची पोकळीही ती नीट घुमवू शकत नाही. ऐकू येतात ते मुख्यतः दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे उपस्वर. त्यांवरून मेंदू मूळ सूर जुळवून घेतो. तानपुऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार उमटतो तो याच नियमाने. हे उपस्वर वरच्या गायकांच्या सुरांशी जुळले की अख्खा वृंद भरदार वाटतो. मला ऑक्टाविस्टची खरी थोरवी यातच दिसते: त्याच्या कष्टाने दुसऱ्यांचा आवाज खुलतो. साहजिकच त्याची अख्खी कारकीर्द बहुधा शेवटच्या रांगेत, नावाविना जाते.

१९१७च्या रशियन क्रांतीनंतर या आवाजांचं मूळ घरच गेलं. रखमानिनोव्हची ही रचना पहिल्यांदा गाणारा मॉस्कोचा सिनॉडल गायकवृंद १९१८ मध्ये बंद पडला. संगीतकार पावेल चेस्नोकोव्ह जिथे गायकवृंद चालवत असे, ते मॉस्कोचं ख्रिस्त तारणहार कॅथीड्रल १९३१ मध्ये सुरुंग लावून पाडलं गेलं.

याच चेस्नोकोव्हने ऑक्टाविस्टला पुढच्या रांगेत आणलं होतं. म्हातारपणी मला टाकू नकोस, अशी विनवणी करणारं स्तोत्र त्याने एकल ऑक्टाविस्ट आणि साथीच्या गायकवृंदासाठी बांधलं. त्यात आवाज सेकंदाला ४९ कंपनांपर्यंत उतरतो. व्लादिमीर मिलर या ऑक्टाविस्टने ते गायलेलं आहे. शक्यतो चांगल्या हेडफोनवर ऐका. मोबाइलच्या स्पीकरमधून मूळ सूर बाहेरच पडत नाही.