टाके निघाले, पीळ बसायचाय

"टाके निघाले नं? मग आता काय झालंय?" ऑपरेशननंतर आठ-दहा दिवसांनी हा प्रश्न मराठवाड्यातल्या घराघरांत विचारला जातो. लातूरला नीटच्या क्लासला असलेल्या मुलाला तो घरचे विचारतात, कारण बॅच पुढे निघून गेलेली असते. बीडकडच्या ऊसतोड बाईला मुकादम विचारतो, कारण फड थांबत नाही आणि एकेका खाड्याचे पैसे उचलीत धरले जातात. दोन्हीकडे समज एकच, की टाके निघाले म्हणजे जखम भरली. प्रत्यक्षात टाके काढतात तो दिवस जखमेच्या सगळ्यांत कच्च्या काळात येतो.

पोटाचं ऑपरेशन झालं की वेगवेगळे थर वेगवेगळे शिवतात. बाहेर दिसतात ते कातडीचे टाके, बहुधा नायलॉनचे, नाहीतर स्टेपलच्या पिना. कातडीचा वरचा पापुद्रा दोन दिवसांतच सांधतो, म्हणून हे टाके सात ते दहा दिवसांत काढता येतात. पोटाचा भार मात्र त्यांच्यावर कधीच नसतो. तो पेलतो आतला पांढरा, चिवट पडदा. सर्जन त्याला शीथ म्हणतात. शीथ शिवायला बहुतेक वेळा पीडीएस हा सावकाश विरघळणारा जाड धागा वापरतात. सहा आठवड्यांनीही त्याची निम्म्याहून जास्त ताकद शिल्लक असते आणि पूर्ण विरघळायला सहा-सात महिने लागतात. इतका टिकाऊ धागा उगाच वापरत नाहीत. जखमेची ओढ सहन करायची ताकद पहिल्या आठवड्याच्या शेवटी मूळच्या जेमतेम ३ टक्के असते. तीन आठवड्यांनी ती २० ते ३० टक्क्यांवर जाते, तीन महिन्यांनी ८० च्या आसपास पोचते आणि तिथेच थांबते. हे आकडे कातडीचे आहेत. शीथला याहून जास्त वेळ लागतो. तोवर पोट धरून ठेवतो तो धागा.

एवढा वेळ का लागतो, हे कळायला दोर कसा वळतात ते बघावं लागेल.

जखम झाल्यावर आधी रक्त गोठतं आणि कडा चिकटतात. पुढचे दोन-तीन दिवस पांढऱ्या पेशी जंतू, मेलेल्या पेशी, साकळलेलं रक्त उचलून साफसफाई करतात. त्या दिवसांत जखम थोडी लाल आणि गरम असणं साहजिक आहे. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी येतात. हे दोर वळणारे कारागीर, आणि त्यांचा दोर म्हणजे कोलॅजेन. आपल्या अंगातल्या सगळ्या प्रथिनांचा जवळजवळ तिसरा हिस्सा याच एका प्रथिनाचा असतो.

कोलॅजेन तीन पदरी असतं, बैलाच्या कासऱ्यासारखं. एकेक पदर म्हणजे हजारभर अमिनो आम्लांची साखळी, आणि तिच्यात दर तिसऱ्या जागी ग्लायसिन. ग्लायसिन हे सगळ्यांत लहान अमिनो आम्ल. तिन्ही पदर एकमेकांत घट्ट बसले की आतल्या बाजूला तेवढीच जागा उरते. पण पदर शेजारी आले म्हणून दोर होत नाही, पीळ टिकावा लागतो. त्यासाठी पेशी साखळीतल्या प्रोलिन या अमिनो आम्लाच्या बऱ्याच रेणूंवर ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जोडी चढवते. हे काम करणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) मध्यभागी लोहाचा एक अणू असतो आणि तो फेरस रूपातच काम करतो. काम करताना अधूनमधून तो गंजल्यासारखा फेरिक होतो आणि विकर बंद पडतं. त्याला पुन्हा फेरस करून कामाला लावतं ते क जीवनसत्त्व.

ही जोडी चढलेली नसेल, तर कोलॅजेनचा पीळ सुमारे २४ अंश सेल्सियसलाच उलगडतो. चढलेली असेल, तर तो ३९-४० अंशांपर्यंत टिकतो. अंगाचं तापमान ३७ अंश. म्हणजे क जीवनसत्त्व नसेल तर पेशी पदर काढत राहतात आणि अंगाच्या उबेनंच त्यांचा पीळ सुटतो. असे सुटे पदर पेशी बाहेर पाठवत नाही, आतल्या आत मोडून टाकते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ शाबूत असतो आणि पीळच बसत नाही.

पीळ बसलेले दोर पेशीबाहेर आले की दुसरं एक विकर, तांब्याच्या मदतीनं काम करणारं, त्यांच्यात आडवे बंध घालतं. हे बंध लायसिन या अमिनो आम्लावर बसतात. सुरुवातीला घाईत विणलेलं कोलॅजेन बारीक आणि अस्ताव्यस्त असतं. नंतर ते तोडून त्या जागी जाड, ओढीच्या दिशेनं लावलेलं कोलॅजेन येतं. तीन आठवड्यांनंतर जखमेतल्या कोलॅजेनचं प्रमाण फारसं वाढत नाही, तरी ताकद वाढत राहते ती या फेरविणीमुळे. तिला कितीही घाई केली तरी ती आपल्या चालीनंच चालते, वर्षभरही.

जुन्या व्रणातही ही मोडतोड आणि नवी विणकामं थांबत नाहीत. इंग्रज नौदल अधिकारी जॉर्ज अ‍ॅन्सनच्या १७४० ते १७४४ च्या सागरी मोहिमेत खलाशांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, झाला. त्यांतल्या एकाला पन्नास वर्षांपूर्वी, १६९० च्या, आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत जखम झाली होती. ती भरलेली जखम पुन्हा उघडली आणि त्याचं जुळलेलं हाडही सुटलं. रोजची मोडतोड चालू होती, पण नवा दोर वळला जात नव्हता. जॉन क्रँडन या बोस्टनच्या तरुण सर्जननं तर हा प्रयोग स्वतःवरच केला. त्यानं अन्नातून क जीवनसत्त्व पूर्ण वगळलं. तीन महिन्यांनी पाठीवर घेतलेला छेद नीट भरला. सहा महिन्यांनी घेतलेला मात्र कातडीखाली भरलाच नाही, आणि क जीवनसत्त्व टोचल्यावर भरून आला. १९४० मध्ये त्यानं हे प्रसिद्ध केलं.

आता आपल्याकडचं पथ्य बघा. आंबट खाऊ नको, जखम चिघळंल. तुरीचं वरण नको, भात नको, पू होईल. पू जंतूंमुळे होतो, भातानं होत नाही. आंबट म्हणून पेशंटपुढून लिंबू, मोसंबी आणि आवळा उचलतात तेव्हा पीळ घालणारी वस्तूच उचलली जाते. वरण बंद केलं की लायसिन जातं, कारण ज्वारीत ते कमी आणि डाळीत भरपूर असतं. हे पथ्य माया म्हणून पाळलं जातं, पण ते जखमेचं नुकसान करतं. तसंच टाक्यांवर अंगारा, राख किंवा शेण लावणं: माती आणि शेणात धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असतात, ते उघड्या जखमेत घालू नका.

मोठ्या माणसाला दिवसाला ६५ ते ८० मिलीग्रॅम क जीवनसत्त्व पुरतं. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलीग्रॅम असतं, जालन्याच्या मोसंबीच्या १०० ग्रॅम गरात ५० च्या आसपास. लिंबू भाजी चुलीवरून उतरल्यावर पिळा, उष्णतेनं क जीवनसत्त्व नासतं. त्यापलीकडे महागड्या गोळ्या घेतल्या म्हणून पीळ लवकर बसत नाही. विकराला पुरेसं मिळालं की जास्तीचं लघवीतून जातं. प्रथिनं मात्र नेहमीपेक्षा जास्त लागतात, किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम. ५० किलोच्या मुलीला ६० ते ७५ ग्रॅम. दोन भाकरी, दोन वाट्या घट्ट वरण, दोन ग्लास दूध, दोन अंडी आणि मूठभर शेंगदाणे एवढं पोटात गेलं तर हिशेब जुळतो. किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तंबाखू आणि गुटखा या दिवसांत बंदच हवा: निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि प्रोलिनवर चढवायला लागणारा ऑक्सिजन रक्तातूनच यायचा असतो.

ही झाली दोराची बाजू. दुसरी बाजू ओढीची. पोटातला दाब बीपीसारखा पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. आडवं पडल्यावर तो जवळजवळ काहीच नसतो. उभं राहिलं की सुमारे २०. जोराच्या खोकल्याला १०० च्या वर, उडी मारताना १७० च्या आसपास. म्हणजे वर्गात बसणं जखमेला जड नाही, उबळ जड आहे. खोकला आला तर उशी पोटावर घट्ट धरा. खाटेवरून सरळ उठू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हातानं रेटून उठा. वजन उचलताना दम कोंडला की दाब चढतो, म्हणून उचलताना श्वास सोडा. शौचाला कुंथणं हाही दाबच; पाणी आणि इसबगोल त्यासाठी.

यावरून महिनाभर खाटेवर पडून राहावं, असा अर्थ कुणी काढू नये. पडून राहिल्यानं पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होतात, छातीत कफ साचतो, स्नायू झडतात. डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट या सर्जननं १९९० च्या दशकापासून हे पद्धतशीर मांडलं, आणि आता बहुतेक ऑपरेशनांनंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात.

अपेंडिक्सचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं आणि अपेंडिक्स फुटलेलं नव्हतं, तर साधारण आठवड्यानं क्लासला बसता येतं. पोट उघडून झालं असेल तर दोन आठवडे धरा. सॅक मात्र दुसऱ्याला उचलू द्या, पुस्तकांचं ओझं सहज पाच किलोच्या वर जातं. पाऊण तासानं उठून चार पावलं चाला, बसल्या जागी पावलं वर-खाली हलवा. एसटीत उभं राहून प्रवास नको, ब्रेकला सगळा झटका पोटावर येतो. किक मारून गाडी चालू करणं महिनाभर बंद. ट्रॅमाडॉलसारखी गुंगी आणणारी वेदनाशामक गोळी चालू असेल तर अभ्यास डोक्यात शिरणार नाही आणि गाडी चालवू नये. 'दुर्बिणीनं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी कामावर' अशा जाहिरातींनी फसू नका: भोकं लहान असली तरी बेंबीजवळचं भोक शीथमधूनच जातं आणि आत जे कापलं, शिवलं ते तेवढंच असतं. पाचव्या ते दहाव्या दिवसांत ताप आणि वारंवार थोडी थोडी, शेंबडासारखी संडास होऊ लागली तर मेसच्या जेवणाला दोष देऊन बसू नका. ओटीपोटात पू साठल्याचं ते लक्षण असू शकतं, सोनोग्राफी करून घ्या.

ऊसतोडीचा हिशेब पूर्ण वेगळा. २०१९ मध्ये सरकारी समितीसाठी झालेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. ही ऑपरेशनं खरंच गरजेची होती का, हा प्रश्न मोठा आहे, आणि पिशवी काढायला सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावंच. पण झालेल्या ऑपरेशननंतर काय, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. गर्भाशय काढलं की योनीचं वरचं टोक शिवतात. ती शिवण भरायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पोटाचा दाब वरून थेट तिच्यावर येतो. या काळात पाच किलोच्या वर काही उचलू नये. १५ लिटरची घागर म्हणजे १५ किलो पाणी. मोळी तीस-चाळीस किलोची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. पोट उघडून ऑपरेशन झालं असेल तर मोळीला तीन महिने हात लावू नये. टोळ्या दसऱ्यानंतर निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. ऑपरेशन थांबण्यासारखं असेल तर ते परतल्या परतल्या करावं, भाद्रपदात नको. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर नुसतं 'विश्रांती' लिहून घेऊ नका. 'अमुक तारखेपर्यंत पाच किलोच्या वर वजन नाही' असं मराठीत लिहून घ्या, ते मुकादमाला दाखवता येतं.

एक खूण सगळ्यांनी ध्यानात ठेवा. सहाव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास, दुखत नसताना, पट्टी अचानक पातळ गुलाबी पाण्यानं भिजली तर आतली शीथ उसवत असण्याची शक्यता असते. वरचे टाके तेव्हा जागच्या जागी दिसतात. नुसती पट्टी बदलून घरी थांबू नका. पेशंटला गुडघे दुमडून आडवं ठेवा, जखमेवर स्वच्छ ओलं कापड झाका, आतडं दिसत असेल तर ते आत ढकलू नका, तोंडानं पाणीही देऊ नका, आणि जिथे सर्जन हजर असेल त्या दवाखान्यात लगेच न्या.