डॅनिश उमरावांची आडनावे आणि त्यांच्या जहागिरी : पार्श्वभूमी

1526 साली डॅनिश राजाने उमरावांना कायम आडनाव घ्यायला सांगितले. तोवर बहुतेकांची ओळख बापाच्या नावावरून होई. नवे नाव शोधताना अनेकांनी आपल्या ढालीवरचे चिन्हच उचलले. ग्युल्देनस्तिएर्ने (सोनेरी तारा) हे त्यातलेच. बिले, ब्राहे यांसारखी काही नावे मात्र आधीपासून रुळलेली होती आणि फर्मानानंतरही कित्येक घरांत जुनी पद्धत काही काळ चालूच राहिली. म्हणून 1526 ही सीमारेषा धरून वंशावळ लावली की गोंधळ होतो. आणखी एक अडचण म्हणजे एकच नाव घेणारी घराणी एकमेकांची नातलग असतातच असे नाही. ढालीवर खार असलेले फ्रीस वेगळे, बुद्धिबळाचा पट असलेले फ्रीस वेगळे. ओस्टरगोरचे क्राबे आणि डाम्सगोरचे क्राबे यांचाही रक्ताचा संबंध नाही. अशा वेळी आडनावापेक्षा ढाल आणि मूळ गढी पाहावी.

नाव आणि जमीन यांची खरी गाठ बसली ती 1671 साली. 1660 नंतर राजसत्ता निरंकुश झाली होती आणि जुन्या उमरावांची जमिनीवरची मक्तेदारी मोडली होती. राजाने मग लेनग्रेव्ह (जहागीरदार काउंट) आणि लेनबॅरन (जहागीरदार बॅरन) असे दोन नवे दर्जे निर्माण केले. ग्रेव्हसाठी किमान 2500 टोंडे हार्टकोर्न (जमिनीवर कर बसवण्याचे माप), तर बॅरनसाठी 1000 टोंडे जमीन लागे. बदल्यात ग्रेव्हला 300 आणि बॅरनला 100 टोंड्यांपुरती करमाफी मिळे. जहागीर वाटून घेता येत नसे, विकता येत नसे. ती थोरल्या मुलाकडे जाई आणि वंश खुंटला तर राजाकडे परत. 1683च्या डॅनिश कायद्याने आणखी एक वाट खुली केली. 400 टोंडे जमीन असणाऱ्याला ‘स्टामहूस’, म्हणजे घराण्याला कायमची बांधलेली मालमत्ता, उभी करता येऊ लागली.

हार्टकोर्न हे प्रकरण नीट समजून घ्यायला हवे, कारण बहुतेक चुका इथेच होतात. हे क्षेत्रफळाचे माप नव्हे, कर बसवण्याचे माप आहे. 1 टोंडे म्हणजे 8 स्केपे, 1 स्केपे म्हणजे 4 फिएर्डिंगकार आणि 1 फिएर्डिंगकार म्हणजे 3 आल्बुम. 1664ची नोंद कुळांनी द्यायच्या खंडावर बेतलेली होती. 1688ची नोंद मात्र प्रत्यक्ष मोजणी करून, मातीचा कस ठरवून केलेली. त्यात जंगलाची आकारणी तिथे किती डुकरे पोसली जातील यावर केली. म्हणून त्याच गढीचा आकडा दोन नोंदींत वेगळा दिसतो आणि वाचणाऱ्याला वाटते की जमीन विकली गेली. 1844च्या नोंदीत सर्वोत्तम जमिनीचा 1 टोंडा 72,000 चौरस आलेन, म्हणजे सुमारे 2.84 हेक्टर भरे. जुटलंडच्या माळरानावर त्याच 1 टोंड्याला याच्या कितीतरी पट जमीन लागे. हा 1844चा गुणक 1671च्या 2500 टोंड्यांना लावून हेक्टर काढू नयेत. शिवाय मुख्य गढीच्या शेतीला करमाफी हवी असेल, तर 2 डॅनिश मैलांच्या, म्हणजे सुमारे 15 किलोमीटरच्या आत 200 टोंडे कुळांची जमीन लागे. कुळांची शेते विकत सुटलेल्या मालकाची गढी या अटीतून बाहेर पडे आणि करमाफीही जाई.

नव्या जहागिरींनी जुनी स्थळनावे पुसली. येर्निट फ्रीसेनबोर्ग झाले, ओर्समार्के क्नूथेनबोर्ग आणि म्योगेलटोंडरहूस शाकेनबोर्ग. मग प्रवाह उलटा फिरला आणि गढीचे नाव आडनावाला चिकटले. होल्स्टाइन-लेद्रेबोर्ग आणि मोल्टके-ब्रेगेनवेद ही नावे अशी तयार झाली. अनेक स्थापनापत्रांत वारसाने ठरलेले नाव आणि ढाल धारण करावी अशी अट असे, त्यामुळे मुलीकडून मालमत्ता आली की नाव लांबत जाई. क्राग-यूएल-विंड-फ्रीस हे चार घराण्यांचे आडनाव त्यातून घडले. उलट फ्यून बेटावरच्या ब्राहेट्रोलेबोर्गच्या नावात ब्राहे आणि ट्रोले आजही आहेत, पण अठराव्या शतकापासून तिथे रेवेन्टलो नांदले.

1849च्या संविधानाने नव्या जहागिरी उभारायला बंदी घातली आणि जुन्या जहागिरी मुक्त मालमत्ता कशा करायच्या हे कायद्याने ठरेल असे म्हटले. तो कायदा यायला 70 वर्षे लागली. 4 ऑक्टोबर 1919च्या कायद्याने मालकांपुढे सौदा ठेवला : मूल्याच्या जवळपास पावभागाएवढी रक्कम सरकारात भरा, सुमारे एक तृतीयांश जमीन मोबदला घेऊन छोट्या शेतकऱ्यांच्या वसाहतीसाठी सोडा आणि उरलेल्याचे पूर्ण मालक व्हा. जहागीरदारांचे म्हणणे होते की संविधान मालमत्तेला संरक्षण देते आणि ही रक्कम म्हणजे मोबदल्याविना जप्ती आहे. सरकारचे उत्तर असे की जी जहागीर विकता येत नाही, मुलांत वाटता येत नाही आणि वंश खुंटल्यावर राजाकडे जाते, तिचा जहागीरदार पूर्ण मालक कधी नव्हताच. नवा हक्क मिळतो आहे, त्याची किंमत द्यावी. 1921 साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. मला सरकारची बाजू अधिक पक्की वाटते. 1671ची करमाफी घेताना बंधने मान्य होती, ती सुटताना मात्र फुकट सुटावीत हा आग्रह टिकत नाही. पण रोख रक्कम उभी करताना काही मालकांवर जंगल किंवा दूरची शेते विकायची वेळ आली आणि मोकळी झालेली मालमत्ता पुढच्या पिढीत वारसांमध्ये वाटली जाऊ लागली, हेही खरे. मालमत्ता टिकवण्यासाठी काही घराण्यांनी पुढे न्यास किंवा कंपनीचा आधार घेतला.

लेन, म्हणजे जहागीर, गेली तरी लेनग्रेव्ह ही पदवी घराण्याचा प्रमुख लावत राहिला आणि जोडनावेही राहिली. शाकेनबोर्गमध्ये शाक घराणे 1978पर्यंत होते. एगेस्कोव मात्र आजही आलेफेल्ट-लाउर्विग-बिले घराण्याकडे आहे. त्या नावातले लाउर्विग नॉर्वेतल्या जहागिरीचे. 2006 पासून लागू असलेल्या नाव-कायद्यानुसार 2000 किंवा त्याहून कमी लोकांचे आडनाव इतरांना मनाप्रमाणे घेता येत नाही. बहुतेक उमराव आडनावे याच संरक्षणात येतात, त्यांच्या धारकांकडे एकरभर जमीन असो वा नसो.